शीर्षकातच सांगून टाका

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि कारखान्याच्या मासिक रिव्ह्यूत रिजेक्शनवर, म्हणजे तपासणीत बाद ठरलेल्या मालावर, बोलायची पाळी माझ्यावर आली. रात्र जागून बावीस स्लाइड केल्या. दुसरीवर एक्सेलचं टेबल जसंच्या तसं चिकटवलेलं. अकरा रकाने, वर शीर्षक ‘जुलै महिन्याचा रिजेक्शन डेटा’. प्लांट हेड चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, “डेटा आहे ते दिसतंय. तुझं म्हणणं काय?” म्हणणं डोक्यात तयार होतं, पण पडद्यावर कुठेच नव्हतं.

पुढच्या महिन्यात तीच स्लाइड पुन्हा केली. शीर्षक दिलं, ‘निम्मं रिजेक्शन एकाच मशीनवर, तेही रात्रपाळीत’. खाली सहा मशीनचे सहा आडवे बार, पाच राखाडी आणि एक गडद केशरी. आकडे बारच्या टोकालाच लिहिले, त्यामुळे बाजूची रंगांची यादी उडवता आली. टेबल शेवटी बॅकअपमध्ये टाकलं. या वेळी चर्चा थेट त्या मशीनच्या कूलंटवर, म्हणजे काम चालू असताना थंडावा देणाऱ्या द्रवावर गेली. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं, फार बरं वाटलं.

पुढे नासाच्या कोलंबिया अंतराळयानाबद्दल वाचलं तेव्हा हे नीट उमगलं. जानेवारी 2003 मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला. धोका किती, हे सांगायला अभियंत्यांनी स्लाइड केल्या. त्यातल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं. आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घन इंचांचा आणि ज्या जुन्या चाचणीच्या भरवशावर हा धीर दिला होता तिच्यातला फक्त 3 घन इंचांचा, ही गोष्ट मात्र अगदी तळाच्या ओळीत. 640 पट फरक, आणि तो तळाला! 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघाताची कारणं बरीच होती, पण चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडचीही दखल घेतली.

म्हणून मी आता आधी वहीत नुसती शीर्षकं एकाखाली एक लिहितो, पूर्ण वाक्यांत. तेवढी वाचून विषय कळला तरच लॅपटॉप उघडतो. वाक्य होत नसेल तर ती स्लाइड बहुतेक नकोच असते.

बाकी किरकोळ. अक्षर 24 पॉइंटच्या खाली नेत नाही. लाल-हिरव्याची जोडी टाळतो, काहींना त्यातला फरक दिसत नाही. मराठी स्लाइड असेल तर युनिकोड फॉन्टच घ्या, जुन्या फॉन्टचा मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हं होऊन बसतो. आणि जागा पुरेना म्हणून ओळी जवळ आणू नका. वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. त्यापेक्षा दोन शब्द कापा.

चर्चा रंगली की कीबोर्डवरचं ‘बी’ दाबा. पॉवरपॉइंटचा पडदा काळा होतो आणि लोक एकमेकांकडे बघून बोलायला लागतात.