जमिनीतून निघालेलं जुनं अवजार ओळखायचं कसं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला जुना वाडा पाडून पाया खणायला घेतला, किंवा पावसाळ्यानंतर स्वर्णरेखा नाल्याचा गाळ उपसला, की काही ना काही लोखंड हाती लागतंच. अलीकडे हौसेने मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारेही दिसतात. वस्तू सापडली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘मुघलांच्या काळातलं दिसतंय!’ आणि दुसरं काम म्हणजे ती चिंच लावून घासायला घेणं. दोन्ही बाबतीत जरा दम धरा.

आधी जागा, मग वस्तू

सापडली त्या जागेचा, खोलीचा आणि आजूबाजूला निघालेल्या विटा, खापऱ्या, नाणी यांचा फोटो काढा. जागेवरून अर्धं उत्तर मिळतं. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं, त्यामुळे तिथल्या पायात निघालेली बहुतेक अवजारं त्यानंतरची असतात. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर त्याहून खूप आधीचं आहे. शेजारच्या मुरारची गोष्ट आणखी वेगळी. किल्ला १८५८ ते १८८६ इंग्रज फौजेच्या ताब्यात होता आणि मुरारला त्यांची छावणी होती, त्यामुळे तिथे विलायती सामान निघणं साहजिक आहे.

एक सावधगिरी मात्र पक्की. जड गोळा किंवा नळकांडं निघालं तर त्याला हात लावू नका, ठोकून तर मुळीच पाहू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

घासू नका

मऊ कोरड्या ब्रशने माती झाडा, बस. पितांबरी, लिंबू, सँडपेपर यांनी गंजाबरोबर ठसे, धारेच्या रेषा, मुठीच्या लाकडाचे अंश असं सगळं निघून जातं, आणि ओळख नेमकी तिथेच असते. वस्तू कोरड्या डब्यात ठेवा. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली तर दमट जागा अजिबात नको.

धातू आणि घडण

लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद, नाही चिकटलं तर बहुधा तांबं, पितळ, कांसं. फार गंजलेलं लोखंड मात्र चुंबकाला जेमतेमच दाद देतं. घडीव लोखंड गंजलं की लाकडासारख्या उभ्या रेषा उमटतात. बीड (ओतीव लोखंड) तुटलं तर तुटलेली बाजू करडी आणि दाणेदार दिसते, आणि अंगावर साच्याची शिवण सापडते. हातोड्याच्या खुणा असमान असतात. स्क्रूचे आटे एकमेकांशी जुळत नसतील तर ते हाताने पाडलेले असण्याची शक्यता मोठी. वेल्डिंगचा सांधा दिसला की वस्तू (निदान तो जोड तरी) विसाव्या शतकातली समजायला हरकत नाही.

ठसे तिरप्या उजेडात पाहा. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की उठावाची सावली पडते. ‘शेफील्ड’ म्हणजे विलायती पोलाद. बाणाचं चिन्ह म्हणजे इंग्रज सरकारी, बहुतेकदा फौजेचा माल. ‘जीएलआर’ दिसलं तर ग्वाल्हेर लाइट रेल्वे, म्हणजे श्योपूर, भिंड, शिवपुरीकडे पूर्वी जाणारी आपली दोन फुटी छोटी लाईन. रूळ बसवणाऱ्यांचे पाने आणि हातोडे त्या काठाने निघू शकतात.

झीज वाचा

माझ्या मते ओळखीचा खरा धागा इथे आहे. अवजार दिसतं कसं यापेक्षा ते झिजलंय कुठे, हे पाहायचं. डोकं पसरून कडा बाहेर वळल्या असतील तर त्यावर हातोडा पडत होता, म्हणजे छन्नी किंवा पटाशीच्या जातीचं. एकाच बाजूला उतार असलेली धार लाकडाच्या कामात जास्त, दोन्ही बाजूंनी उतार असेल तर तोडायच्या-कापायच्या कामाची. दांडा आत घालायला नेढं आहे की मुठीत खुपसायला निमुळतं शेपूट? नेढं असून धार दांड्याला आडवी असेल तर लाकूड तासायचं अवजार, म्हणजे वाकस आठवा.

आमच्या शेजारच्या वाड्यात निघालेला एक तुकडा घ्या. वीतभर पाती, टोक आत अर्धगोल वळलेलं, मागे शेपूट. सगळ्यांनी अंकुश ठरवला. पण अंकुशाला टोचायचं अणकुचीदार टोक लागतं, धार नव्हे. इथे वळणाच्या आतल्या कडेला धार होती आणि तीही एकाच बाजूने पातळ झालेली. घोड्यांना नाल मारणाऱ्या एका वृद्ध नालबंदाने हातात घेताच अंगठा पातीवर टेकवला आणि मनगट स्वतःकडे वळवून दाखवलं : खुराच्या तळव्यातली खाच साफ करायचा सुरा! शिंद्यांच्या घोडदळाच्या गावात तो निघाला यात नवल ते काय? असाच घोळ बैलाच्या नालीचा होतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन चपट्या, वाकड्या पट्ट्या. त्यातली एकटी पट्टी सापडली की लोक तिला कसली तरी पाती समजतात.

म्हणून फोटो घेऊन कारागिरांकडे जा. रस्त्याकडेला भाता लावून बसणारे लोहपिटे, सुतार, मोची, सराफ्यातले जुने सोनार. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ‘हे कसं धराल?’ असं विचारा. हात बरोबर बसला की काम आपोआप सुचतं.

कायद्याचं

किल्ला आणि इतर संरक्षित स्मारकांच्या आवारात शोधासाठी खणणं हा गुन्हा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही रक्कम आजही तेवढीच आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, म्हणून भंगारवाल्याला देण्याआधी किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातल्या संग्रहालयात दाखवा.

इतकं करूनही नाव लागलं नाही तर चिठ्ठीवर नाव घालू नका. ‘घडीव लोखंड, शेपटाचं, आतल्या बाजूस धार, दौलतगंज, चार फूट खोल’ एवढं लिहून डब्यात ठेवा.