पू काडीवर नको, सिरिंजमध्ये घ्या

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मुंबईतच, कुठल्या ते सोडा. आमच्या खिडकीवर दोन-तीन दिवसांआड एकतरी माणूस घामाघूम होऊन येतो, हातात पिशवी, पिशवीत बर्फ, बर्फात प्लास्टिकची नळी आणि नळीत कापसाची सुकून गेलेली काडी. कुठल्यातरी नर्सिंग होमने पाठवलेला असतो, विरार नाहीतर कल्याणवरून गर्दीत लटकत आलेला, आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं ‘अ‍ॅनएरोबिक कल्चर’, म्हणजे हवेशिवाय जगणारे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी. मग मला सांगावं लागतं की दादा, यातून काही निघणार नाही. तो म्हणतो अहो बर्फात ठेवून आणलंय ना नीट. तेच तर चुकलंय. रोज रोज खिडकीत हे सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

तर अ‍ॅनएरोब म्हणजे हवेतला ऑक्सिजन ज्यांना सोसत नाही असे जिवाणू. लुई पाश्चरने १८६१ मध्ये दाखवलं की हवेशिवाय जगणारे जीव असतात, तोवर कोणी मानायला तयार नव्हतं. आपल्या मोठ्या आतड्यात तर हेच मालक आहेत, ऑक्सिजन लागणाऱ्या एका जंतूमागे साधारण १००० हे. हिरड्यांच्या फटीत, योनीमार्गात पण असतात, आणि आपापल्या जागी असतात तोवर काही त्रास नाही. भानगड होते ती जागा सोडली की. अपेंडिक्स फुटलं, दाढ मुळापर्यंत किडली, शुगरवाल्याच्या पायाला रक्त नीट पोचत नाही, खोल खिळा घुसला, म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी तिथे हे बस्तान मांडतात. बऱ्याचदा एकटे नसतात, सोबत ई. कोलायसारखा आतड्यातलाच दुसरा कोणीतरी जंतू असतो, तो आधी तिथला ऑक्सिजन संपवतो आणि मग यांची सोय होते.

ओळखायचं कसं, तर पहिलं नाक. सडका, डोकं उठवणारा वास आला तर पू अ‍ॅनएरोबचा आहे असं धरून चालायचं, पण वास नाही म्हणजे ते नाहीतच असं मात्र नाही. दुसरं म्हणजे तोंड, पोट, गर्भाशय यांच्या आसपासचं गळू. आणि एक गोष्ट जिथे अजिबात थांबायचं नाही, जखमेच्या बाजूला दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागतेय, कातडी काळी-जांभळी पडतेय, आणि जखम दिसते त्यामानाने दुखणं भयंकर आहे. हे गॅस गँगरीन असू शकतं, काही तासांत पसरतं, उद्या सकाळी ओपीडीत दाखवू असं करू नका, रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत न्या. तसंच खालच्या दाढेमुळे हनुवटीखाली सूज येऊन जीभ वर उचलली जातेय, गिळता येत नाहीये, तर तेही तितकंच अर्जंट, श्वास अडकतो त्यात.

आता सॅम्पल. घेणार डॉक्टरच, पण धावपळ करणार तुम्ही, म्हणून तुम्हाला माहीत हवं. गळू बंद असतानाच वरची कातडी साफ करून सुईने पू ओढलेला सगळ्यात चांगला. सिरिंजमधली हवा पूर्ण बाहेर काढायची, सुई काढून टाकायची, टोकाला टोपण लावायचं. सुई तशीच लावून पाठवू नका प्लीज, आमच्या हातात घुसते. लॅबकडे हवाबंद ट्रान्सपोर्ट मीडियमची, म्हणजे वाटेत जंतू जिवंत ठेवणारी बाटली मिळत असेल तर पू त्यातच घाला, लांबून यायचं असेल तर तीच बरी. ऑपरेशनमध्ये टिश्यूचा तुकडा काढला तर अजून उत्तम. काडी सगळ्यात वाईट, पू लागतो थोडासा, सुकतो पटकन आणि हवेतला ऑक्सिजन सगळीकडून भिडतो. फ्रिज नाही, बर्फ नाही, साध्या खोलीच्या तापमानाला आणायचं, कारण थंडीत यातले काही मरतात, शिवाय थंड झालं की ऑक्सिजन जास्त विरघळतो. सिरिंज असेल तर जितकं लवकर तितकं बरं, अर्ध्या तासात पोचली तर मी खूश, दोन तासांच्या वर गेली की माझी आशा कमी होत जाते. म्हणून आधी फोन करा, अ‍ॅनएरोबिक कल्चर करता का आणि आत्ता कोणी घ्यायला आहे का, हे विचारल्याशिवाय शनिवारी संध्याकाळी निघू नका. अँटीबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलेलं बरं, पण पेशंट सिरीयस असेल तर सॅम्पलसाठी औषध अडवायचं नाही. सुरू झालंच असेल तर नाव फॉर्मवर लिहा. आणि थुंकी, घशाची काडी, साधी लघवी यासाठी आणू नका, तिथे हे जंतू एरवीही असतात किंवा बाजूने मिसळतात, रिपोर्टला अर्थ राहत नाही.

आमच्याकडे आल्यावर पू जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरतो आणि ती प्लेट एका बंद जारमध्ये जाते, आत ऑक्सिजन शोषणारं पाकीट आणि एक इंडिकेटरची पट्टी. पट्टी निळी असते, ऑक्सिजन संपला की पांढरी होते, तेवढं बघून मी जेवायला जातो. मग ४८ तास जार उघडायचा नाही. तुमचा दुसऱ्या दिवशीचा फोन इथे फुकट जातो, रिपोर्टला चार-पाच दिवस धरा, कधी आठवडा. झाकण उघडलं की जो वास येतो त्याला आमच्या रूममध्ये कोणी शिव्या देत नाही, कारण काहीतरी वाढलंय हे कळतं. प्रिव्होटेला नावाचा अ‍ॅनएरोब असेल तर यूव्ही दिव्याखाली विटेसारखी लाल चमकते, मला अजूनही बघायला आवडतं. आणि रिपोर्टमध्ये ‘नो ग्रोथ’ आलं, पण पू तर ढीगभर निघाला होता आणि मायक्रोस्कोपखाली जंतू दिसले होते, तर डॉक्टरांना विचारा की कल्चर साधं, म्हणजे हवेत ठेवून केलं होतं का. साध्या कल्चरमध्ये हे उगवतच नाहीत.

औषधात मेट्रोनिडाझोलचं नाव सगळ्यांना पाठ आहे. ते मुळात ट्रायकोमोनास नावाच्या दुसऱ्याच जंतूसाठी होतं, १९६२ मध्ये लंडनला ते घेणाऱ्या एका बाईच्या सुजलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या तेव्हा लक्षात आलं की हे इथेही चालतं. तोंडाला लोखंडासारखी चव येते, येऊ दे. ते चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको, उलट्या होऊन हाल होतात. अमिकासिन, जेंटामायसिन यांचा अ‍ॅनएरोबवर उपयोग नाही, कारण ती औषधं जंतूच्या आत शिरायलाच ऑक्सिजन लागतो. पण मुख्य म्हणजे पू बाहेर काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी गळू जात नाही. दाढ दुखली की मेडिकलमधून अर्धी पट्टी आणून दिवस काढणारे लोक माझ्या घरातच आहेत, काय बोलणार.

घरी जखम झाली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, भरपूर वेळ. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही कोंबू नका आणि घट्ट आवळून बांधू नका. भांडुपच्या आमच्या मामांना शुगर, चपलेने लागलेली जखम त्यांनी स्वतःच हळद भरून वर चिकटपट्टी गुंडाळून चार दिवस बंद ठेवली, पाचव्या दिवशी मी सोडली तेव्हा मामी उठून गॅलरीत गेल्या. अंगठा गेला. घाण, खोल जखमेला डॉक्टर लगेच टाके घालत नाहीत, उघडी ठेवून ड्रेसिंग करतात, ते मुद्दाम असतं, त्यांच्याशी भांडू नका.

धनुर्वाताचा जंतू पण याच जातीतला, त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातली टिकाऊ रूपं, मातीत आणि शेणात असतात, गंजामुळे काही होत नाही, खिळा मातीतला आणि खोल गेलेला असतो म्हणून होतं. जबडा आवळायला लागणं ही पहिली खूण, साधारण ३ ते २१ दिवसांत. धनुर्वाताच्या लसीचे लहानपणीचे डोस झाले असतील, १० आणि १६ व्या वर्षीचेही झाले असतील, तर घाण जखमेला शेवटचा डोस ५ वर्षांहून जुना असेल तरच परत घ्यायचा, साध्या स्वच्छ जखमेला १० वर्षं. दर सहा महिन्यांनी दंड पुढे करायची सवय सोडा. डोस कधीच पूर्ण झाले नसतील तर मात्र सांगा, लसीबरोबर दुसरं तयार अँटीबॉडीचं इंजेक्शनही लागू शकतं.

आणि जाता जाता आजीला न दुखावता सांगायची एक गोष्ट, बाळ जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवू नका, वर्षाचं होईपर्यंत तर नाहीच. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते उगवतात आणि बाळ लुळं पडतं. अंगठी नुसती हाताला लावा, फोटो तेवढाच छान येतो.