दवाखान्यात कर्करोग तपासणीचा विषय कसा काढावा

वागळे इस्टेटमधल्या किंवा कोपरखैरण्यातल्या दवाखान्यात रक्तदाबाची गोळी न्यायला आलेली तिशी ओलांडलेली व्यक्ती केवळ तपासणीसाठी सहसा वेगळी येत नाही, म्हणून विषय त्याच भेटीत काढावा. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीनंतर तोंड, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन व गर्भाशयमुखही, दर ५ वर्षांनी तपासायचे असते.

“मला काही त्रास नाही, मग कशाला?” हे उत्तर हमखास येते. त्यावर भीती घालू नये. त्रास नसतानाच तपासायचे असते, आणि गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पाहण्यास काही मिनिटेच लागतात, हे शांतपणे सांगावे. मुंबईतील वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या याच तपासणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दिसले. संकोचणाऱ्या स्त्रीशी परिचारिकेने बोलणे बरे. तोंड मात्र तंबाखू-मिश्रीची चौकशी करून टॉर्चच्या उजेडात तिथल्या तिथे पाहावे.

संशयास्पद काही आढळल्यास नुसती चिठ्ठी देऊन थांबू नये (बहुतेक चिठ्ठ्या पाकिटातच राहतात, असे माझे मत आहे). कुठे व कोणत्या दिवशी जायचे ते लिहून द्यावे, नोंद ठेवावी आणि आठवड्याभरात फोन करून किंवा आशा स्वयंसेविकेमार्फत चौकशी करावी.