जुन्या बाइकचं ब्रेक ऑइल बदलताय? या चुका टाळा

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी माणसंही जुन्या पल्सर-करिझ्माच्या पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हा आकडा १५५ च्या आसपास येतो. आंबोलीसारखा घाट ब्रेक धरून उतरताना मग आत वाफ होते आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

कुठलं घ्यायचं ते हँडलवरच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते घालू नका. कपाटातली अर्धी उरलेली बाटलीही नको, सीलबंद घ्या. झाकणाचे स्क्रू हमखास धरलेले असतात. नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर जोरात दाबूनच फिरवा, नाहीतर डोकं गोल होतं. पेट्रोलच्या टाकीवर आधी ओलं फडकं टाका. ऑइल सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो हवा काढताना. चाकाजवळच्या ब्रेकवर एक निपल, म्हणजे पोकळ स्क्रू असतो, त्याला नळी लावा. लिव्हर दाबून धरायचा, हे खालचं निपल सैल करायचं, नळीतून ऑइल आलं की निपल आवळायचं आणि मगच लिव्हर सोडायचा. निपल उघडं असताना लिव्हर सुटला की हवा आत गेलीच. वरची डबीही रिकामी होऊ देऊ नका, दर चार-पाच दाबांनंतर भरा.

जुन्या गाडीत आणखी एक सांभाळा: लिव्हर पूर्ण हँडलपर्यंत ओढू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळचा, ऑइल दाबणारा भाग) पिस्टन थोडाच सरकतो. त्याच्या पुढच्या भागात गंज, गाळ साचलेला असतो, त्यावर रबरी सील घासून फाटतं. लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा, एवढ्याने सील वाचतं.

काम झाल्यावर लिव्हर मऊ लागत असेल तर हवा राहिली आहे. तो दाबून रात्रभर हँडलला बांधून ठेवा, बारीक बुडबुडे बरेचदा वर निघून जातात. दाबून धरल्यावर हळूहळू आत बसत असेल आणि कुठे गळती दिसत नसेल, तर सील गेलंय, मास्टर सिलिंडरचं किट टाकावं लागेल. यातलं काहीही असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

उलट चाक जाम फिरत असेल, डिस्क तापत असेल, तर आधी डबीतली पातळी बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं ऑइल तापून फुगतं आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात. पातळी बरोबर असेल तर डबीच्या तळाचं सुईएवढं, ऑइल डबीत परत येण्याचं भोक गाळाने बुजलेलं असू शकतं, ते बारीक तारेने हलक्या हाताने मोकळं करा.