दिवाळीत पेट स्कॅन: सोबत जाणाऱ्या नवऱ्याने या चुका टाळाव्यात

पेट स्कॅन म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी. तिची तारीख सणात आली की घरात पहिलं वाक्य निघतं, 'भाऊबीज होऊ दे, मग बघू.' ही तारीख कालनिर्णय बघून दिलेली नसते. शेवटची केमो किंवा ऑपरेशन कधी झालं, त्यावर ती ठरते. पुढे ढकलायचीच असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, स्कॅन सेंटरच्या काउंटरवर नको.

बायको पेशंट आणि नवरा सोबतीला असं धरून लिहिलंय. उलट असेल तरी नियम तेच. माझ्या पाहण्यात यातल्या बहुतेक चुका मायेपोटीच होतात.

खाऊ घालणं

केमोने तोंडाची चव गेलेली बायको कितीतरी दिवसांनी स्वतःहून बेसनाचा लाडू मागते आणि नवरा आनंदाने डबाच पुढे करतो. एरवी छानच. पण स्कॅनआधी शिरेतून देतात ते एफडीजी नावाचं औषध म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली एक प्रकारची साखरच. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ती जास्त ओढतात, म्हणून चित्रात उजळ दिसतात. पोटात गोडधोड गेलं की इन्सुलिन वाढतं, औषध स्नायूंकडे वळतं आणि गाठ फिकी पडते. म्हणून आदल्या दिवशी लाडू, करंजी, शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा, सगळं बाजूला. अंडी, मासे, चिकन, पनीर, पालेभाजी चालते. स्कॅनआधी साधारण 6 तास फक्त साधं पाणी. घोटभर चहासुद्धा नाही. आणि उपाशी म्हणजे खरंच उपाशी. उपासाला चालतं म्हणून केळं किंवा राजगिऱ्याची वडी दिलेली इथे चालत नाही.

मधुमेह असेल तर जास्तच जपा. रक्तातली साखर 200 च्या वर दिसली की बरीच सेंटर्स त्या दिवशी स्कॅन करत नाहीत. इन्सुलिन आणि गोळ्या कधी घ्यायच्या, कधी थांबवायच्या हे स्वतःच्या मनाने ठरवू नका. आणि हे धनत्रयोदशीच्या आधीच विचारून घ्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन उचलायला कोण बसलंय?

आदल्या दिवशीची धावपळ

माळे झाडणं, डबे उतरवणं, चकलीचा सोऱ्या दाबणं, सगळी अंगमेहनतच. दमलेले स्नायूही हे औषध ओढून घेतात. तिला नुसतं 'बस गं आता' म्हणून भागत नाही, ती बसणार नाही. सोऱ्या स्वतःच्या हातात घ्या.

उशिरा पोचणं

या औषधाची ताकद दर 110 मिनिटांनी निम्मी होते. त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही, पेशंटच्या वेळेच्या हिशेबाने मागवतात. 'खरेदीची गर्दी होती हो' हे कारण फ्लोरिनला समजत नाही. गावाहून येत असाल तर आदल्या रात्रीच शहरात मुक्कामाला या.

मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरीच काढून ठेवा. धातूमुळे चित्रात रेघा येतात. सणासुदीला गळा मोकळा कसा, असं घरातल्या मोठ्यांना वाटणारच. ते आदल्या रात्री मुलानेच आईला समजावून सांगावं, सुनेवर टाकू नये. जरीची साडी नको, साधे सुती कपडे आणि अंगावर घ्यायला शाल असू द्या. थंडी वाजली तर मानेभोवतालची चरबीसुद्धा औषध ओढते आणि रिपोर्ट वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

फोन करत राहणं

इंजेक्शननंतर साधारण तासभर तिला वेगळ्या खोलीत शांत पडून राहायचं असतं. तुम्हाला आत सोडणार नाहीत, आणि तेच बरं. जीव राहवत नाही म्हणून दर पाच मिनिटांनी फोन लावू नका. बोलत राहिलं की जिभेचे, घशाचे स्नायू उजळतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये हे फारच अडचणीचं. पाहुण्यांनाही सांगून ठेवा, शुभेच्छा संध्याकाळी.

घरी आल्यावर

घर भाचरांनी भरलेलं असतं आणि मामी दिसली की ती थेट मांडीत. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून तिला थोडं लांब ठेवा. किती तास, ते सेंटरवर सांगतात. पाणी भरपूर द्या, म्हणजे औषध लघवीवाटे लवकर निघून जातं. ती स्वतः गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा बाळाला पाजत असेल, तर ते इंजेक्शनच्या आधीच सांगायला हवं.

जुन्या स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट बरोबर न्या. तुलनेला काही नसेल तर 'वाढलंय की कमी झालंय' याचं उत्तर देणं अवघड होतं.

रिपोर्ट नेमका सुट्टीत मोबाइलवर येतो. त्यातले एसयूव्हीचे आकडे, म्हणजे कुठल्या भागाने औषध किती ओढलं त्याचं माप, गुगलवर शोधत बसू नका. सूज, जंतुसंसर्ग, भरत आलेली जखम यांनीही ते वाढतात. घरच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. तिला आधी न विचारता मेहुण्याला पाठवणं हीसुद्धा चूकच. पाडव्यानंतर ओपीडी कधी उघडते ते स्कॅनच्या आधीच विचारा आणि पहिल्याच दिवशीचा नंबर लावून ठेवा.