मोठी मोटारसायकल किती वर्षे साथ देईल? खरेदीपूर्वी होणाऱ्या या चुका टाळा

सहाशे-सातशे सीसीची किंवा त्याहून मोठी मोटारसायकल घेऊ पाहणारा माणूस पिकअप, आवाज आणि रूप यांची पारख बहुधा बरोबर करतो. तो फसतो टिकाऊपणाच्या अंदाजात. नवी असो वा सेकंड हँड, गाडी पाचव्या-सहाव्या वर्षी कशी असेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: त्या मॉडेलची त्या सालातील बनावट, आधीच्या मालकाने ठेवलेली निगा, आणि आपल्या गावापासून सुटे भाग व जाणता मेकॅनिक किती अंतरावर आहे. मराठवाड्यात यातील तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंवर मात करते, आणि तिचाच विचार सर्वांत शेवटी होतो.

कंपनीच्या नावावर विसंबणे

‘अमुक कंपनीचे इंजिन बिघडतच नाही’ हे वाक्य खरेदीच्या वेळी काहीच कामाचे नसते. एकाच कंपनीचे एक इंजिन अनेक वर्षे किरकोळ सुधारणांसह चालत आलेले, म्हणून तावून सुलाखून निघालेले असते, तर दुसरे कालपरवा बाजारात आलेले असते. भारतात एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके सर्वत्र लागू झाली, त्यामुळे टाकीवर तेच नाव असलेल्या गाडीत इंधनप्रणाली, सेन्सर आणि वायरिंग वेगळे असू शकते. म्हणून ‘ही गाडी कशी आहे’ असे न विचारता ‘या सालची ही गाडी कशी आहे’ असे विचारावे.

यासाठी एक चांगला मार्ग आहे, पण तो फारसे कोणी वापरत नाही. सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये वॉटर पंप, कॅम चेन टेन्शनर (इंजिनातील साखळी ताणून धरणारा भाग), स्टेटर (वीज तयार करणारा भाग), रेग्युलेटर-रेक्टिफायर आणि क्लच बास्केट यांचे क्रमांक पाहावेत. जुना क्रमांक रद्द होऊन नवा आला, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, कारण पुरवठादार बदलल्यानेही असे होते. परंतु एकाच भागाचा क्रमांक थोड्या काळात दोन-तीनदा बदलला असेल, तर कंपनी स्वतःच त्या दुखण्यावर उपाय शोधत होती असे समजावे आणि शेवटच्या बदलानंतरची गाडी निवडावी.

दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्याची बातमी वाचून ते मॉडेलच सोडून देणे हीदेखील घाई ठरते. रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलमधील संभाव्य दोषामुळे मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट या मॉडेलांच्या २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. दोष उघडपणे मान्य करणारी कंपनी गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी, असे माझे मत आहे. आपण पाहत असलेल्या गाडीवर ते काम झाले की नाही, हे अधिकृत डीलरकडे चेसिस नंबर देऊन विचारावे.

परदेशातील तक्रारी जशाच्या तशा उचलणे

मोठ्या गाड्यांची बरीचशी चर्चा युरोप-अमेरिकेतील मालकांची असते. २०२० मध्ये रॉयल एनफिल्डने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातील सुमारे १५,२०० गाड्या ब्रेक कॅलिपर गंजण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या; त्यांत इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० होत्या, तसेच हिमालयनही होती. कारण होते हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ. लातूर किंवा हिंगोलीच्या ग्राहकाने या तक्रारीने घाबरण्याचे कारण नाही. उलट, त्या थंड मुलुखात निर्धोक ठरलेली गाडी आपल्याकडील ऊन आणि धूळ कशी सोसेल, हे तिथल्या अनुभवावरून कळत नाही.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा मोठ्या इंजिनाच्या गाडीत पहिला बळी अनेकदा विजेच्या भागांचा जातो. रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग स्टेटरकडून आलेली वीज बॅटरीजोगी करतो आणि त्या कामात स्वतः तापतो. तो इंजिनाजवळ, वारा न लागणाऱ्या जागी बसवलेला असेल तर त्याचे आयुष्य घटते आणि जाताना तो कधी बॅटरीला, तर कधी स्टेटरलाही सोबत नेतो. तपासणी सोपी आहे. गाडी अर्धा-पाऊण तास चालवून गरम झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर धरावे. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर ठीक. तेराच्या खाली राहिले किंवा पंधराच्या वर गेले तर खर्च जवळ आला आहे. गार गाडीवर हीच चाचणी फसवी ठरते, कारण रेक्टिफायर गार असताना बरोबर आणि तापल्यावर चूक वागू शकतो. लिक्विड कूल्ड गाडी असल्यास तिला भर दुपारी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा सुरू होतो का आणि काही वेळाने स्वतःहून थांबतो का, हेही पाहावे.

धुळीचा हिशोब वेगळा असतो. काळ्या मातीचे रस्ते आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा यांमुळे एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच भरतो. एअर बॉक्स उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूवर, म्हणजे जिथून स्वच्छ हवा इंजिनात जाते तिथे, बोट फिरवावे. तिथे धूळ लागली तर फिल्टर नीट बसवलेला नव्हता किंवा हलक्या प्रतीचा होता, आणि इंजिनाने माती खाल्ली आहे. अशा इंजिनाच्या रिंगा व सिलिंडर झिजलेले असण्याची शक्यता धरून चालावे.

कमी रनिंगला भुलणे

सहा वर्षांत पाच हजार किलोमीटर चाललेली मोठी मोटारसायकल म्हणजे घबाड, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशी गाडी बहुतेक काळ उभी असते. उभ्या गाडीत फोर्कचे (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे) ऑइल सील कडक होतात, बॅटरी मरते, ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा धरते, त्यामुळे महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल टाकी, फ्यूएल पंप आणि इंजेक्टर यांना त्रास देते. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या गाडीचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले असतीलच असे नाही, म्हणून पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालते ते वाचून घ्यावे.

टायरच्या बाजूवरील चार आकडे बनावटीचा आठवडा आणि साल सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दरवर्षी ऑइल बदललेली, तीस हजार किलोमीटर हायवेवर चाललेली आणि बिले असलेली गाडी मी या ‘कमी रनिंग’च्या गाडीआधी घेईन.

ताकद म्हणजे झीज असे समजणे

शंभरच्या वेगाने सरळ रस्त्यावर धावायला मोठ्या मोटारसायकलला ढोबळमानाने पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. ज्या इंजिनाची क्षमता शंभर आहे ते धुळे-सोलापूर महामार्गावर या वेगाने आरामात असते. लहान इंजिन त्याच वेगाला दमते. मोठ्या इंजिनाला खरा त्रास छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातील गर्दीत आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत होतो, जिथे एक तर उष्णता बाहेर पडत नाही किंवा ऑइल पुरेसे तापतच नाही. तेव्हा गाडीची ताकद विचारण्याआधी ती कुठे चालली आणि आपण ती कुठे चालवणार, हे स्वतःशी स्पष्ट करावे. (समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून कोणी जालन्यात मोठी गाडी घेत असेल तर त्यावर दुचाकींना प्रवेश नाही, हे आधीच सांगितलेले बरे.)

गरम करून ठेवलेली गाडी पाहणे

विक्रेत्याला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचताच इंजिनाला हात लावून पाहावे. गार इंजिन सुरू होताना कॅम चेनचा आवाज क्षणभर येऊन थांबला तर चालते; येतच राहिला तर टेन्शनर किंवा चेन संपत आली आहे. वेग वाढवताना निळा धूर आला तर रिंगांवर आणि थ्रॉटल सोडून पुन्हा उघडताना आला तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर बॉल रेसर (हँडलचे बेअरिंग) गेले आहेत.

मोठी सर्व्हिस आणि सुटे भाग विसरणे

अनेक गाड्या मोठ्या सर्व्हिसच्या तोंडावरच विकायला निघतात. टॅपेट तपासणी (व्हॉल्व्हची फट मोजणे), चेन-स्प्रॉकेट, टायर आणि ब्रेक पॅड एकदम आले की त्यांचा खर्च गाडीच्या किमतीत मिळवावाच लागतो. टॅपेटचे काम सगळ्या गाड्यांत सारखे नसते. रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्ये स्क्रू आणि लॉकनटची व्यवस्था आहे, जी चांगला स्थानिक मिस्त्री हाताळू शकतो; शिम (फट जुळवणाऱ्या धातूच्या चकत्या) असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत टाकी, रेडिएटर आणि फेअरिंग उतरवून योग्य जाडीचे शिम मागवावे लागतात. डुकाटीच्या व्ही-४ ग्रँटुरिस्मो इंजिनासाठी ही तपासणी ६०,००० किलोमीटरवर ठेवलेली आहे, तर अनेक गाड्यांत ती बरीच आधी येते. काम झाले असे कोणी म्हणाले तर बिल मागावे.

हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातील उत्पादन व विक्री थांबवण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार झाला, म्हणून सुट्या भागांची आणि सेवेची सोय राहिली. प्रत्येक वेळी असा सोबती मिळेलच असे नाही, त्यामुळे बंद पडलेले मॉडेल स्वस्तात मिळते तेव्हा आधी क्लच प्लेट, ब्रेक डिस्क, फ्यूएल पंप आणि मुख्य वायरिंग यांची किंमत व मिळण्याचा कालावधी लेखी विचारावा. काही महागड्या गाड्यांच्या सर्व्हिससाठी लातूरकराला पुणे आणि नांदेडकराला हैदराबाद गाठावे लागते. गाडी जागेवर बंद पडली तर ती टेम्पोत घालून नेण्याचे भाडेही त्याच हिशोबात येते.

परराज्यातील गाडीचे कागद मागे ठेवणे

दिल्ली किंवा बंगळुरूची गाडी तिथल्या भावात मोहक वाटते. परराज्यातील गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर तिची नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. म्हणून एमएच २० किंवा एमएच २६ चा नंबर मिळेपर्यंतचा सगळा खर्च धरूनच भाव ठरवावा. आरसीवरील कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि चलाने बाकी आहेत का, हे परिवहन विभागाच्या ॲपवर बसल्या जागी दिसते. इंजिन आणि चेसिसवर कोरलेले क्रमांक मात्र गाडीजवळ वाकून, टॉर्च लावून, आरसीशी स्वतःच ताडून पाहावेत आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम द्यावी.