हार्डवेअर ट्रान्सकोडिंग चालू, तरी भार सीपीयूवरच? लिनक्स मीडिया सर्व्हरची तपासणी खालून वर

ट्रान्सकोडिंग (टीव्हीला चालेल अशा स्वरूपात व्हिडिओ त्याच वेळी बदलणं) अडलं की बहुतेक जण आधी जेलीफिन किंवा प्लेक्स या मीडिया सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि तिथले पर्याय चालू-बंद करत बसतात. दोष तिथे क्वचितच असतो. चिप, कर्नल (लिनक्सचा गाभा), ड्रायव्हर, परवानगी, कंटेनर (डॉकरसारखा बंदिस्त कप्पा) आणि सगळ्यात वर सर्व्हरचं सॉफ्टवेअर अशी ही उतरंड आहे. खालचं मडकं हललेलं असताना वरचं कितीही सरळ केलं तरी उपयोग नाही. म्हणून तपासणी तळापासून करायची, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

त्याआधी दोष खरोखर आहे का ते पाहा. डॅशबोर्डवर चालू असलेल्या फाइलचा तपशील उघडा. प्लेक्समध्ये व्हिडिओच्या ओळीत कंसात 'एचडब्ल्यू' दिसलं, तर हार्डवेअर वापरात आहे. प्लेक्समध्ये ही सोय प्लेक्स पासशिवाय मिळत नाही, जेलीफिनमध्ये ती फुकट आहे. फक्त ऑडिओ बदलला जात असेल, उदाहरणार्थ ट्रूएचडीचं एएसी होत असेल, तर ते काम सीपीयूचंच; त्यात बिघाड नाही. पीजीएससारखी चित्ररूप सबटायटल्स टीव्हीला दाखवता येत नसतील, तर ती व्हिडिओत छापावी लागतात. मग एरवी थेट चालणारी फाइलही ट्रान्सकोड होते. एएसएस प्रकारच्या सजवलेल्या सबटायटलचं चित्रही सीपीयूच तयार करतो. सबटायटल बंद करून तीच फाइल लावली की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

चिपला ते जमतं का

एचईव्हीसी आणि एव्ही१ ही व्हिडिओची स्वरूपं; डिकोड म्हणजे ती उलगडणं, एन्कोड म्हणजे नव्याने बनवणं. इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये ८-बिट एचईव्हीसी डिकोड सहाव्या पिढीपासून आहे, १०-बिट सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ डिकोड अकराव्या पिढीपासून. एनव्हिडियात एव्ही१ डिकोड आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि एन्कोड ४० मालिकेपासून मिळतं. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यात ग्राफिक्सच नसतं. तिथे क्विक सिंक (इंटेलची हार्डवेअर ट्रान्सकोडिंगची सोय) शोधण्यात अर्थ नाही. आणखी एक नेहमीचा चकवा म्हणजे १०-बिट एच.२६४. जुन्या अ‍ॅनिमेच्या फाइली बऱ्याचदा या स्वरूपात असतात आणि बहुतेक चिपना ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही. तेवढ्या फाइलींपुरता सीपीयू तापणारच.

कर्नलला चिप दिसते का

'एलएसपीसीआय -के' चालवा. ग्राफिक्सच्या नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत आय९१५ (अगदी नव्या इंटेलवर एक्सई), एएमडीजीपीयू किंवा एनव्हिडिया हे नाव हवं. मग 'एलएस -एल' लावून डेव्ह फोल्डरमधला डीआरआय फोल्डर पाहा. इंटेल आणि एएमडीवर काम करणारी फाइल म्हणजे 'रेंडर-डी-१२८'; 'कार्ड०' किंवा 'कार्ड१' ही डिस्प्लेसाठी असते. दोन ग्राफिक्स असतील तर १२९ही दिसेल. कुठला नंबर कोणाचा हे त्याच फोल्डरातल्या 'बाय-पाथ'मध्ये कळतं. नंबर अंदाजाने धरू नका.

डीआरआय फोल्डरच नसेल तर तीन जागा बघा. इन्स्टॉलेशनच्या वेळी ग्रबमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) टाकलेला 'नोमोडसेट' हा पर्याय तसाच राहिला असेल, तर आय९१५ उभाच राहत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेल्या मशीनवर बायोस अंतर्गत ग्राफिक्स परस्पर बंद करतं. तिथे 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा त्या अर्थाचा पर्याय चालू करावा लागतो. तिसरं कारण जुना कर्नल. इंटेल आर्कच्या ए मालिकेतल्या कार्डांसाठी ६.२ किंवा त्यापुढचा कर्नल धरा.

ड्रायव्हर

इथे 'व्हीए-इन्फो' ही आज्ञा कामाची. ड्रायव्हरला कुठलं डिकोड आणि एन्कोड जमतं ते ती सांगते. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलमधून) चालवताना तिला 'डिस्प्ले डीआरएम' आणि 'डिव्हाइस' हे पर्याय देऊन रेंडर-डी-१२८चा पूर्ण पत्ता द्या. नाही दिला तर एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) सापडत नसल्याची तक्रार येते आणि लोक उगाच त्याच्या मागे लागतात. जेलीफिन डेबियन किंवा उबंटूवर पॅकेजमधून घातला असेल, तर 'यूएसआर-लिब'खालच्या 'जेलीफिन-एफएफएमपेग' फोल्डरमधलं व्हीए-इन्फो चालवा. जेलीफिन स्वतःचे ड्रायव्हर सोबत आणतो. सिस्टीमचं उत्तर त्याला लागू पडेलच असं नाही.

उत्तरात प्रत्येक प्रोफाइलपुढे एंट्रीपॉइंट दिसतो. 'व्हीएलडी' म्हणजे डिकोड, 'एन्कस्लाइस' म्हणजे एन्कोड, 'एन्कस्लाइस-एलपी' म्हणजे लो-पॉवर एन्कोड. डिकोडच्या ओळी भरपूर आणि एन्कोडच्या गायब असतील, तर डेबियनवर बहुधा इंटेलच्या मीडिया ड्रायव्हरची मुक्त आवृत्ती बसलेली असते. नावाच्या शेवटी 'नॉन-फ्री' असलेलं पॅकेज घाला. इंटेलचा हा मीडिया ड्रायव्हर, म्हणजेच आयएचडी, पाचव्या पिढीपासून पुढे चालतो. त्याआधीच्या चिपना आय९६५ हा जुना ड्रायव्हर लागतो. फेडोरावर एएमडी असेल तर मूळ मेसा ड्रायव्हरमध्ये एच.२६४ आणि एचईव्हीसी नसतं. आरपीएम फ्यूजन या जोड भांडारातलं 'फ्रीवर्ल्ड' पॅकेज घेतल्यावर ते मिळतं.

परवानगी: सगळ्यात जास्त घोळ इथे

'एलएस -एल'च्या उत्तरात रेंडर-डी-१२८पुढे मालक 'रूट' आणि ग्रुप 'रेंडर' (काही ठिकाणी 'व्हिडिओ') दिसतो. मीडिया सर्व्हर ज्या युजरखाली चालतो तो त्या ग्रुपात हवा. 'यूजरमॉड'ला कॅपिटल जी असलेला 'एजी' पर्याय देऊन जेलीफिन युजर रेंडर ग्रुपात घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू असलेल्या प्रोसेसला नवा ग्रुप आपोआप कळत नाही. 'एजी'मधला 'ए' विसरलात तर त्या युजरचे बाकीचे जोडग्रुप उडतील.

व्हीए-इन्फो रूट म्हणून चालवलं तर ते परवानगीवर कधीच अडत नाही, त्यामुळे इथे त्या उत्तराला किंमत नाही. 'सूडो -यू जेलीफिन' लावून सर्व्हरच्याच युजरच्या नावाने चालवा. फाइलवर 'सीएचमॉड ६६६' (सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची परवानगी) मारण्याचा सल्ला सर्रास दिसतो. तो पाळू नका. मशीन रीबूट झालं की यूडेव्ह (डिव्हाइस फाइली सांभाळणारी सेवा) ती फाइल नव्याने बनवतं, परवानगी जुन्यावर येते, आणि मधल्या काळात प्रत्येक प्रोसेसला ग्राफिक्स मोकळं राहतं.

डॉकरमध्ये डिव्हाइस आत देणं ही निम्मीच गोष्ट. कंटेनरला होस्टवरच्या (मूळ मशीनवरच्या) ग्रुपचं नाव कळत नाही, नुसता आकडा कळतो. होस्टवर 'गेटएंट ग्रुप रेंडर' चालवा. समजा उत्तरात ९९२ आलं. कंपोझ फाइलमध्ये (डॉकर कंटेनरच्या मांडणीच्या फाइलमध्ये) 'ग्रुप-अ‍ॅड'खाली अवतरणचिन्हांत तो आकडाच लिहा, 'रेंडर' हे नाव नाही. नाव लिहिलं तर कंटेनर आपल्या आतल्या यादीत ते शोधतो. तिथे रेंडर १०५ असू शकतो, किंवा नसेलही. होस्टवर सगळं चालतं आणि कंटेनरमध्ये अडतं, त्यामागे बहुतेक वेळा हा आकडा असतो. विनाविशेषाधिकार (अनप्रिव्हिलेज्ड) एलएक्ससी या दुसऱ्या प्रकारच्या कंटेनरमध्ये फाइलचा मालक 'नोबडी' आणि ग्रुप 'नोग्रुप' दिसला, तर आयडीची जुळणी झालेली नाही. तिथे डिव्हाइस पासथ्रू करताना जीआयडीही (ग्रुपचा आकडा) द्यावा लागतो. एलएक्ससीच्या आत डॉकर असेल तर ही जुळणी दोनदा करायची.

लॉग काय सांगतो

आता कुठे सर्व्हरच्या सेटिंगकडे वळा: योग्य पद्धत, योग्य डिव्हाइस, आणि चिपला खरोखर जमतात तेवढ्याच कोडेकवर (व्हिडिओच्या स्वरूपांवर) खूण. त्यानंतरही अडलं तर जेलीफिनच्या लॉग फोल्डरमधली 'एफएफएमपेग.ट्रान्सकोड' ने सुरू होणारी सगळ्यात ताजी फाइल शेवटाकडून वाचा. 'नो व्हीए डिस्प्ले फाउंड' म्हणजे डिव्हाइस नाही किंवा परवानगी नाही. 'फेल्ड टू इनिशियलाइज व्हीएएपीआय कनेक्शन' बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतं. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'चा ग्राफिक्सशी संबंध नाही. ट्रान्सकोडचा तात्पुरता फोल्डर भरलाय. तो रॅममध्ये ठेवला असेल तर लांबलचक ४के फिल्म त्याला सहज पुरून उरते.

साध्या फाइली चालतात आणि एचडीआर अडतं, असं असेल तर टोन मॅपिंग (एचडीआरचे रंग साध्या पडद्यासाठी बदलणं) तपासा. इंटेलवर त्यासाठी ओपनसीएलचं (ग्राफिक्सवर गणित चालवण्याच्या सोयीचं) रनटाइम लागतं. त्याच्या नव्या आवृत्तीतून दहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर वगळले आहेत. त्यांना 'लेगसी१' पॅकेज घालावं लागतं. जॅस्पर लेक, एल्खार्ट लेक आणि एन१०० यांसारख्या छोट्या चिपवर एन्कोड फक्त लो-पॉवर पद्धतीनेच होतं, म्हणून जेलीफिनमध्ये तो पर्याय चालू हवा. पहिल्या दोघांना त्यासाठी एचयूसी हे ग्राफिक्सच्या आत चालणारं फर्मवेअरही लागतं: मॉडप्रोबच्या फाइलमध्ये आय९१५साठी 'एनेबल-जीयूसी'ची किंमत २ द्या, इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना लागणारी फाइल) नव्याने बनवा, रीबूट करा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एचयूसीपुढे 'ऑथेंटिकेटेड' आलंय का पाहा.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. तिथे 'एनव्हिडिया-एसएमआय'ने 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' म्हटलं, तर अपडेटनंतर रीबूट राहिलाय. 'लिबएनव्हिडिया-एन्कोड' सापडत नसेल तर होस्टवर त्या नावाचं पॅकेज घाला. कंटेनरमध्ये 'एनव्हिडिया ड्रायव्हर कॅपॅबिलिटीज' या चलात 'ऑल' लिहा. 'ओपनएन्कोडसेशनएक्स'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' आलं तर एकाच वेळी चालणाऱ्या एन्कोडची मर्यादा गाठलेली असू शकते. घरगुती कार्डांवर ती ड्रायव्हरनेच घातलेली असते आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये फक्त ३ होती. ड्रायव्हर नवा केला की ती वाढते.

दुरुस्ती झाली का हे सीपीयूच्या टक्क्यांवरून ठरवू नका. इंटेलवर 'इंटेल-जीपीयू-टॉप' लावा आणि 'व्हिडिओ'ची पट्टी हलते का पाहा. एनव्हिडियावर 'एनव्हिडिया-एसएमआय डीमॉन'मधले 'एन्क' आणि 'डेक' हे स्तंभ. फक्त डिकोड हलतंय आणि एन्कोड शून्यावर असेल, तर निम्मं काम अजून सीपीयूवर आहे. सुरुवातीला पट्टी भरून मग रिकामी झाली तर घाबरू नका: थ्रॉटलिंग चालू असेल तर सर्व्हर पुढचा भाग आधीच तयार करून थांबतो. शेवटचा आकडा लॉगमधल्या 'स्पीड'चा. तो १ एक्सच्या वर टिकला तर फिल्म अडकणार नाही. खाली गेला तर आधी टोन मॅपिंग बंद करून, मग सबटायटल काढून पुन्हा मोजा.